एकेचाळीस मिनिटं

लिगोर फुर्तादोनं लिहिलेला भरतीचा सर्व्हर
सतरा वर्षं चालला, पलीकडे रासयला,
एका युनिक्स मशीनवर. तिचा पंखा
चढावर सायकल हाकणाऱ्या पोदेरासारखा धापा टाकायचा.
मग पंखा थांबला.
त्याआधी लिगोर.

बार्जवाल्यांची सोसायटी म्हणाली,
दुर्भाटच्या हापिसात विंडोज आहे, त्याच्यावर घाला.
घाला.
जसं काही उशीला अभ्रा घालायचाय.

पहिला दिवस तिरक्या रेघांत गेला.
रासयचे माड एकीकडे कलतात, आमचे दुसरीकडे,
कलतात दोघेही पाण्यावरच.
लिगोरच्या सगळ्या वाटा पलीकडच्या माडांच्या.

त्याच्या दोन फायली होत्या, दोघींचं नाव 'मारे',
एकीचा एम मोठा, एकीचा लहान.
मोठी उधाणाची, लहान भांगाची.
विंडोजला हा फरक दिसत नाही.
आपल्या लिपीलाही मोठं-लहान अक्षर ठाऊक नाही,
म्हणून मी रागावले नाही.
पण कॉपी होताना एक दुसरीवर बसली
आणि त्या अमावास्येला जुवारीला
कागदावर तरी उधाण आलं नाही.

खरं अडलं ते फोर्कवर.
तिकडे चालता चालता प्रोग्रॅमचे दोन होतात,
त्याच आठवणी, त्याच ओळीवर उभे,
आणि दोघंही विचारतात, मी कोण?
ज्याला शून्य उत्तर येतं, ते मूल.
इकडे असं बाळंतपण नाही.
इकडे नवा येतो तो कोरा.
त्याच्या हातात गाठोडं द्यावं लागतं:
हे उघडं सॉकेट, ही फाईल,
इतके वाजलेत, जा.

आमचा देव असाच आला म्हणतात, ह्याच पाण्यातून,
रात्री, होडीत, ओल्या पंचात गुंडाळलेला,
कारण ह्या काठावर राजा दुसरा होता.
मूर्ती आली, समई आली, भट आला.
तळी तिकडेच राहिली.
अजून गाऱ्हाण्यात आधी त्या गावाचं नाव घेतात.
मीही पहिल्या ओळीत जुनी वाट तशीच ठेवली,
कुठेच जात नसली तरी.

पाठीमागे मुकाट चालणाऱ्या प्रोग्रॅमला तिकडे डीमन म्हणतात.
झिलू गावड्याला हे सांगितलं. चहाचा पेला ठेवत म्हणाला,
म्हणजे देवचार.
बरोबर. रात्री बांधावरून काठी आपटत फिरणारा,
कुणी न नेमलेला, वर्षाला एक रोट नि विडी मागणारा.
विंडोज त्याला सर्व्हिस म्हणतं.
नाव नोंदवा, काम लिहा,
हाक मारली की तीस सेकंदांत 'आहे' म्हणा,
नाहीतर मेला असं धरलं जाईल.
देवचाराला हजेरीपटावर सही करायला शिकवण्यात
माझे दोन आठवडे गेले.

आणि एक ओळ होती, प्रत्येक वेळेत
एकेचाळीस मिनिटं मिळवणारी.
वर रोमीत टीप: हांगा हात लावं नाका.
मला वाटलं, त्याच्या बिघडलेल्या घड्याळाला ठिगळ असेल.
काढून टाकली.

पहाटे कायतान तांडेलाची बार्ज
पाण्याआधी पोचली आणि चिखलात बसली.
मी कंदिलाएवढा मोबाईल धरून धक्क्यावर.
तो पायरीवर बसून होता, ओरडला नाही.
म्हणाला, मुरगांवचें उदक हांगा पावपाक
वेळ लागता गो.

आम्ही दोघं बसून राहिलो.
तिसरी पायरी ओली झाली, मग दुसरी.
मोजायला घड्याळ काढलं नाही मी.

ओळ परत घातली. टीपही.
तिच्याखाली माझी एक टीप, देवनागरीत,
सेव्ह करताना मशीननं जिची
नुसती प्रश्नचिन्हं केली.
ती तशीच राहू दिली.